बेल्जियम आणि स्वित्झर्लंड: भाषेची रेघ एकीकडे का पेटते, दुसरीकडे का निवते?

नोव्हेंबर उजाडला की बेळगावात सीमाप्रश्न पुन्हा वर येतो. एक तारखेचा काळा दिन होतो, मग सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, आणि दोन्ही बाजूंची भाषणं. या सगळ्यात दोन परदेशी नावं बऱ्याचदा कानावर पडतात. एक जण म्हणतो, ‘स्वित्झर्लंडकडे बघा, चार भाषा आहेत, कुठं भांडतात?’ दुसरा म्हणतो, ‘भाषेच्या नादाला लागलात तर बेल्जियमसारखी गत होईल.’ सीबीएसईला दहावीत असलेली मुलं हे ऐकून गोंधळतात, कारण त्यांच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बेल्जियम हे सत्तावाटपाचं चांगलं उदाहरण म्हणून दिलेलं आहे.

तिन्ही गोष्टींत थोडंथोडं तथ्य आहे. पण कुठपर्यंत, हे कळायला या दोन देशांची माणसं, जमीन, पैसा आणि सरकार एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. सीमाभागात राहणाऱ्याला हा अभ्यास परका वाटणार नाही.

आधी आकार आणि जमीन

आपला बेळगाव जिल्हा साधारण १३,४०० चौरस किलोमीटरचा. बेल्जियम म्हणजे असे सव्वादोन जिल्हे, आणि स्वित्झर्लंड म्हणजे तीन. बेल्जियममध्ये सुमारे १ कोटी १८ लाख माणसं राहतात, स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ९० लाख.

बेल्जियम बहुतेक सपाट आहे. तिथली सर्वात उंच जागा ६९४ मीटरची, म्हणजे आपलं बेळगाव शहर त्याहून उंचावर आहे. उत्तरेला समुद्र, मोठ्या नद्या, अँटवर्पसारखं प्रचंड बंदर. सपाट आणि मोक्याच्या जागी असल्यामुळे युरोपातली सैन्यं शेकडो वर्षं याच मैदानात येऊन लढली. नेपोलियन ज्या वॉटर्लूला हरला ते गावही बेल्जियममध्येच.

स्वित्झर्लंडला समुद्र नाही. निम्म्याहून जास्त देश आल्प्सच्या डोंगरांत आहे, आणि सर्वोच्च शिखर ४,६३४ मीटरचं. पूर्वी हिवाळ्यात घाट बंद झाले की एका खोऱ्याचा दुसऱ्याशी संबंध तुटायचा, त्यामुळे प्रत्येक खोऱ्याला आपला कारभार आपणच बघायची सवय लागली. पुढे सरकार कसं बनलं, त्याचं मूळ या सवयीत आहे.

कोण कोणती भाषा बोलतं?

बेल्जियमच्या उत्तरेला फ्लँडर्स, तिथे डच बोलतात. दक्षिणेला वालोनिया, तिथे फ्रेंच. देशात डच बोलणारे सुमारे ६० टक्के, फ्रेंच बोलणारे सुमारे ४० टक्के, आणि पूर्व सीमेवर एक टक्क्याहून कमी जर्मन भाषक. राजधानी ब्रुसेल्स डच मुलखाने वेढलेली आहे, पण तिथे चालते मुख्यतः फ्रेंच. नकाशावर हे बेट बघितलं की अर्धं भांडण तिथेच समजतं.

स्वित्झर्लंडमध्ये जर्मन मुख्य भाषा असलेले सुमारे ६२ टक्के, फ्रेंच २३, इटालियन ८, आणि रोमान्श नावाची छोटी डोंगरी भाषा अर्धा टक्का. चारही राष्ट्रभाषा आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये चारही भाषा सगळीकडे चालतात, असं आपल्याकडे समजतात. तसं नाही. झुरिचचं कुटुंब जिनिव्हाला राहायला गेलं की मुलाला सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकावं लागतं. ‘आम्ही जर्मन भाषक, आम्हाला जर्मन शाळा द्या’ म्हणता येत नाही. ज्या भूमीची जी भाषा, कचेरी आणि शाळा तिच्यातच, अशी ही पद्धत. तिला अभ्यासक प्रादेशिकतेचं तत्त्व म्हणतात. बील आणि फ्रिबुर्गसारखी काही दुभाषी शहरं सोडली तर हा नियम बराच कडक आहे. बेल्जियममध्येही तत्त्व हेच. म्हणजे नियम एक आणि निकाल दोन.

सरकार: एक खालून बांधलेलं, एक वरून वाटलेलं

दोन्ही देश संघराज्यं आहेत. संघराज्य म्हणजे अशी रचना, की ज्यात काही विषयांवर शेवटचा शब्द केंद्राचा असतो आणि काही विषयांवर घटक राज्याचा.

स्वित्झर्लंडचे घटक म्हणजे कँटन, एकूण २६. हे कँटन देशाच्या आधीचे आहेत. १८४७ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कँटनांत छोटं यादवी युद्ध झालं. ते महिनाभरही चाललं नाही आणि साधारण शंभर माणसं मेली. पुढच्याच वर्षी संविधान आलं. कॅथलिक बाजूला जर्मन भाषक कँटन होते आणि फ्रेंच भाषकही, त्यामुळे देशातलं सर्वात मोठं भांडण भाषेवरून झालंच नाही. आज सात जणांचं मंत्रिमंडळ असतं, प्रमुख पक्ष त्यात एकत्र बसतात, आणि राष्ट्राध्यक्षपद दरवर्षी फिरतं. संसदेने केलेला कायदा पटला नाही तर शंभर दिवसांत ५० हजार सह्या जमवून त्यावर देशभर मतदान घ्यायला लावता येतं. मात्र हे सगळं आदर्श मानू नये. याच देशाने बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं ते १९७१ मध्ये. भारताने पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत दिलं होतं.

बेल्जियम १८३० साली स्वतंत्र झाला तो एकसंध देश म्हणून. कारभार फ्रेंचमध्ये चाले. फ्लँडर्समधले श्रीमंतही फ्रेंच बोलत, आणि डच ही शेतकऱ्याची, मजुराची भाषा समजली जाई. फ्लँडर्समधल्या गेंट विद्यापीठात शिक्षण पूर्णपणे डचमधून व्हायला १९३० साल उजाडलं. १९७० पासून देश टप्प्याटप्प्याने मोकळा होत गेला आणि १९९३ मध्ये संविधानात संघराज्य हा शब्द आला. आता तीन प्रदेश आहेत, तीन भाषासमूह आहेत, आणि त्यांची आपापली विधिमंडळं. पंतप्रधान सोडून केंद्रात जितके डच भाषक मंत्री तितकेच फ्रेंच भाषक, हा संविधानाचाच नियम. पाठ्यपुस्तक याचंच कौतुक करतं आणि ते रास्त आहे. पूर्वेकडच्या जर्मन भाषकांची संख्या ८० हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे एकट्या खानापूर तालुक्यापेक्षा कितीतरी कमी. तरी त्यांची स्वतःची संसद आहे आणि शाळांचा कारभार तीच बघते. मला बेल्जियमची ही गोष्ट फार मोठी वाटते.

पण याच देशात २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस पूर्ण सरकार बनू शकलं नाही.

मग बेल्जियम सारखा का अडतो?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावर साडी विणताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लवकर कळेल. उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात म्हणून कापड टिकतं. सगळे धागे एकाच दिशेने लावले तर ते कापड होत नाही, हाताने दोन भाग करता येतात.

समाजातही अशा रेघा असतात. भाषेची एक, धर्माची एक, श्रीमंत-गरिबीची एक, पक्षाची एक. स्वित्झर्लंडमध्ये या रेघा एकमेकींना छेदतात. जिनिव्हा फ्रेंच भाषक आणि परंपरेने प्रोटेस्टंट, फ्रिबुर्ग बहुतांशी फ्रेंच भाषक पण कॅथलिक. झुरिच जर्मन भाषक प्रोटेस्टंट, ल्युसर्न जर्मन भाषक कॅथलिक. श्रीमंत कँटन दोन्ही भाषांत आहेत, मागे राहिलेलेही दोन्हींत. पक्ष देशभराचे आहेत. त्यामुळे एका मतदानात जो माणूस तुमच्या विरुद्ध असतो, तोच तीन महिन्यांनी दुसऱ्या प्रश्नावर तुमच्या बाजूला येतो. कायमचा शत्रू तयार व्हायला सवड मिळत नाही. कधी रेघा जुळतातही. १९९२ मध्ये युरोपच्या आर्थिक क्षेत्रात जायचं का, यावर फ्रेंच भागाने हो म्हटलं आणि बहुतेक जर्मन भागाने नाही. देश हादरला, पण पुढची मतदानं वेगळ्या प्रश्नांवर झाली आणि माणसं पुन्हा वेगळी विभागली गेली.

बेल्जियममध्ये या रेघा एकमेकींवर चढत गेल्या. एकोणिसाव्या शतकात वालोनियात कोळसा आणि पोलाद होतं. लिएज आणि शार्लरुआ ही युरोपातली श्रीमंत औद्योगिक गावं होती. फ्लँडर्स गरीब, शेतीवर जगणारं. तिथून माणसं दक्षिणेच्या खाणींत कामाला जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणी संपत आल्या, पोलाद ढासळलं, आणि १९६० च्या दशकात अँटवर्प बंदर, रसायनं व नव्या कारखान्यांच्या जोरावर फ्लँडर्स पुढे निघून गेलं. पारडं फिरलं, पण रेघ तीच राहिली. आज बेकारी वालोनियात आणि ब्रुसेल्समध्ये जास्त आहे. पेन्शन, दवाखाना, बेकारभत्ता यांचा पैसा केंद्राकडून येतो, म्हणून फ्लँडर्समधला करदाता म्हणतो, ‘आमचा पैसा तिकडे जातो.’ त्याच्या आजोबांच्या काळी श्रीमंत बाजू वालोनियाची होती.

पक्षही फुटले. १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी असे तिन्ही जुने पक्ष भाषेवर दुभंगले. आता एका डाव्या पक्षाचा अपवाद सोडला तर देशभर चालणारा मोठा पक्ष नाही. फ्लँडर्सच्या पुढाऱ्याला वालोनियात मतं मागायची नसतात, त्यामुळे तिथल्या माणसाला दुखावण्यात त्याचं नुकसानही नसतं. माझ्या मते बेल्जियमचा सर्वात मोठा घात इथे झाला.

लुव्हेन विद्यापीठाचं उदाहरण तर जिवाला लागतं. पंधराव्या शतकातलं हे विद्यापीठ, डच मुलखातलं. १९६८ मध्ये त्याचा फ्रेंच विभाग बाहेर काढण्यासाठी आंदोलन झालं, सरकार पडलं आणि विद्यापीठाचे दोन भाग झाले. फ्रेंच विभागासाठी भाषेच्या सीमेपलीकडे नवं गाव वसवलं गेलं. ग्रंथालय वाटताना बऱ्याच पुस्तकांची वाटणी सम आणि विषम क्रमांकांनी झाली. एकाच ग्रंथमालेतले काही खंड इकडे, काही तिकडे.

रेघ कुणी ओढली?

बेल्जियममध्ये पूर्वी जनगणनेत भाषा विचारत आणि त्यावरून गावाचा कारभार कोणत्या भाषेत चालवायचा ते ठरे. ब्रुसेल्सभोवतीची डच गावं एकेक करून फ्रेंच होताना दिसू लागली, तेव्हा फ्लँडर्सने हा प्रश्नच नको म्हटलं. १९६१ मध्ये भाषेची गणना कायद्याने बंद झाली, आणि १९६२-६३ मध्ये संसदेने भाषेची सीमा कायमची आखून टाकली. गावकऱ्यांना विचारलं गेलं नाही.

व्हूरेन या छोट्या खेड्यांच्या समूहाला त्याचा फटका बसला. १९६३ मध्ये ती फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिम्बुर्ग प्रांतात घातली. अनेक गावकऱ्यांना ते मान्य नव्हतं. पुढे तिथे महापौर झालेल्या फ्रेंच भाषक जोझे हापार यांनी डच येत असल्याचं सिद्ध करायला नकार दिला. या वादात १९८७ मध्ये देशाचं सरकार कोसळलं.

सीमेलगतच्या काही गावांना ‘सुविधा’ दिल्या आहेत, म्हणजे तिथल्या अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत कागद मागता येतो. पण त्याचं काय झालं ते बघा. १९९७ मध्ये फ्लँडर्स सरकारने परिपत्रक काढलं, की ब्रुसेल्सलगतच्या अशा गावांत कागद आधी डचमध्येच जाईल आणि फ्रेंच हवा असेल त्याने प्रत्येक वेळी नव्याने अर्ज करावा. एकदा सांगून ठेवलेलं चालणार नाही. हक्क कायद्यात शाबूत राहिला आणि वापरणाऱ्याला दरवेळी खिडकीपाशी उभं राहणं भाग पडलं.

स्वित्झर्लंडलाही एक ‘सीमाप्रश्न’ होता

सीमाभागातल्या वाचकाने ज्युराची गोष्ट जरूर वाचावी. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या तहाने ज्युरा हा फ्रेंच भाषक डोंगराळ भाग बर्न या जर्मन भाषक, प्रोटेस्टंट कँटनला जोडला. उत्तर ज्युरा कॅथलिक, शिवाय राजधानीपासून लांब. इथे रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, आणि स्वित्झर्लंड असूनही इथे भडका उडाला. १९४७ मध्ये बर्नच्या विधिमंडळाने एका ज्युरावासी मंत्र्याला बांधकाम खातं नाकारलं, कारण त्याची भाषा फ्रेंच. त्यातून वेगळ्या कँटनची चळवळ उभी राहिली. मोर्चे निघाले, जाळपोळही झाली.

१९७४ मध्ये मतदान झालं ते फक्त ज्युरामध्ये. सगळ्या बर्नला विचारलं असतं तर ज्युराचं मत बुडून गेलं असतं. ३६,८०२ जणांनी वेगळं व्हायला होकार दिला, ३४,०५७ जणांनी नकार. मग दुसरी फेरी: ज्या जिल्ह्यांनी नको म्हटलं त्यांना विचारलं, ‘तुम्हाला बर्नमध्ये राहायचंय का?’ दक्षिणेचे तीन जिल्हे बर्नमध्ये राहिले. ते फ्रेंच भाषकच होते, पण प्रोटेस्टंट. मग तिसरी फेरी: नव्या सीमेवरच्या गावांना एकेकटं विचारलं. शेवटी १९७८ मध्ये सगळ्या देशाने ८२ टक्के मतांनी मान्यता दिली आणि १९७९ पासून ज्युरा कँटन अस्तित्वात आला.

तरी प्रश्न संपला नाही. मूतिए हे गाव तेव्हा थोडक्या मतांनी बर्नमध्ये राहिलं होतं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा मतदान झालं, १३७ मतांनी ज्युराच्या बाजूने कौल लागला, पण मतदारयादी आणि प्रचारातल्या गैरप्रकारांमुळे तो रद्द झाला. २०२१ मध्ये परत मतदान, या वेळी जवळपास ५५ टक्के. बदलाची तारीख ठरली ती १ जानेवारी २०२६.

‘ते श्रीमंत आहेत, त्यांना परवडतं’

स्वित्झर्लंडचं दरडोई उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास, बेल्जियमचं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. औषधं, यंत्रं, घड्याळं आणि बँका यांवर स्वित्झर्लंड उभा आहे, आणि सरकारी कर्ज कमी आहे. बेल्जियमचं कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नापेक्षाही जास्त. पण शांतता पैशाने आली असं म्हणता येत नाही. १८४८ चा स्वित्झर्लंड गरीब होता. माणसं पोटासाठी अमेरिकेला आणि ब्राझीलला जात होती. तडजोडीची घडी आधी बसली, पैसा नंतर आला. आणि बेल्जियमही जगाच्या मानाने श्रीमंतच आहे, तरी अडतो.

‘मग गावोगावी मतदान घ्या आणि मिटवा’

आपल्याकडे ते सध्याच्या घटनेत बसत नाही. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ नुसार संसदेचा, संबंधित विधानसभेचं फक्त मत मागवतात. महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगताना खेडं हाच घटक धरा असा आग्रह धरला. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात तो नियम सरसकट मानला नाही. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकात, अशी शिफारस केली. कर्नाटकाने ती मान्य केली, महाराष्ट्राने फेटाळली, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

घटक कोणता धरायचा, यावर सगळं फिरतं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे साधारण १८-१९ टक्के. जिल्हा धरला तर अल्पसंख्याक, खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातलं एकेक गाव धरलं तर कित्येक ठिकाणी बहुसंख्य. बर्न कँटन आणि ज्युरा यांचं गणित असंच होतं.

मतदानही स्वच्छ होईलच असं नाही. ज्युराला लागून असलेल्या, बर्नमधल्या जर्मन भाषक लाउफेन खोऱ्यातल्या लोकांनी १९८३ मध्ये बर्नमध्ये राहायचा कौल दिला. नंतर उघड झालं, की बर्न सरकारनेच आपल्या बाजूच्या प्रचाराला गुपचूप पैसे पुरवले होते. न्यायालयाने फेरमतदान घ्यायला लावलं आणि कौल फिरला. लाउफेन १९९४ मध्ये दुसऱ्या कँटनमध्ये गेलं.

‘आपलं भांडण यातलं कुठलं?’

मला आपल्या भागात आशेला जागा दिसते, कारण इथे बऱ्याच रेघा एकमेकींना छेदतात. आषाढीला पंढरपूरची वाट धरणारा कानडीही बोलतो, सौंदत्तीच्या यल्लम्माला मराठी घरंही जातात. सोयरिकी चंदगड, गडहिंग्लजपर्यंत आहेत. बाजारात एकच माणूस दोन वाक्यं मराठीत आणि तिसरं कन्नडमध्ये बोलतो. रेघ टोचते ती कचेरीत. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्याने जमिनीचा उतारा काढला की तो कन्नडमध्ये येतो, आणि आपलंच नाव व सर्व्हे नंबर कुठे आहे ते बघायला शाळेत जाणाऱ्या नातवाला हाक मारावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबल्या. त्यात हाल झाले ते दोन्ही भाषांच्या प्रवाशांचे.

कचेरीतली ही रेघ बोथट करण्याची सोय भारताच्या कायद्यात आहे. कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त असतो, आणि तालुक्यात अशी वस्ती १५ टक्क्यांच्या वर असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे धोरण १९५६ पासूनचं आहे. यासाठी सीमेचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

‘सीमा बदलली की सगळं संपेल’

ज्युरा कँटनमध्ये एडर्सविलर नावाचं शंभर-सव्वाशे वस्तीचं गाव आहे, पूर्ण जर्मन भाषक. पलीकडे बर्नमध्ये वेलरा नावाचं त्याहून छोटं फ्रेंच भाषक गाव होतं, ते ज्युरात जाण्यासाठी झगडत होतं. दोन गावांची अदलाबदल करावी असा विचार झाला, पण तो फळला नाही. वेलरा १९९६ मध्ये ज्युरात गेलं, एडर्सविलर जिथे होतं तिथेच राहिलं.

आपल्याकडे महाजन अहवालातली २४७ गावं जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातली. तिथे आजही कन्नड शाळा आहेत आणि कन्नड बोलणारी घरं आहेत. खानापूरच्या म्हाताऱ्याला मराठीत उतारा मागण्याचा जो हक्क आपण सांगतो, तोच हक्क जतच्या कन्नड शेतकऱ्याचा. तो महाराष्ट्राने आजच, न मागता दिला तर बेळगावच्या मराठी माणसाची बाजू कोर्टातही आणि बेंगळुरूतही जास्त जड होईल, असं मला वाटतं.